विहिरीवरचं झाकण

गिरगावातल्या जुन्या वाड्यांमध्ये कधी निवांत फिरला असाल तर चौकात किंवा जिन्याच्या मागे एक बुटका कट्टा नजरेस पडला असेल. वर सिमेंटची लादी, लादीत एक लोखंडी झडप, झडपेला गंजलेलं कुलूप. संध्याकाळी त्यावर आजोबा मंडळी पेपर घेऊन बसतात, रविवारी पोरांच्या क्रिकेटमध्ये तोच बॅटिंग साइडचा पॅव्हेलियन. खाली विहीर आहे हे वाडीतल्या जुन्या लोकांना माहीत असतं. झाकली का, असं विचारलं तर "पोरं पडू नयेत म्हणून" हे उत्तर हमखास मिळतं. पण यातल्या बऱ्याच विहिरी झाकल्या गेल्या त्या पोरांसाठी नाही, डासांसाठी.

आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर वर्षातून दोनदा तरी पेस्ट कंट्रोलवरून महाभारत होतं. झुरळांचं जेल कुठल्या कंपनीचं, उंदरांसाठी गोंदाचे पुठ्ठे लावायचे की पिंजरे, आणि मुख्य म्हणजे पैसे मेंटेनन्समधून द्यायचे की ज्याचे त्याने. हे सगळं वाचून वाचून माझ्या डोक्यात किडा वळवळला (क्षमस्व!) की या शहरात हा प्रकार सुरू तरी कधी झाला? गेले काही विकांत त्यावर वाचण्यात गेले. जे हाती लागलं त्यात दोन गोष्टी आहेत, एक उंदराची आणि एक डासाची. दोन्हींत एकच माणूस भेटतो, हे मला सगळ्यात भारी वाटलं.

आधी उंदीर. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस या गोव्याच्या डॉक्टरने प्लेगचं निदान केलं. (मेट्रो सिनेमासमोर त्यांचा पुतळा आहे. आपण तिथून शंभर वेळा जातो आणि एकदाही नाव वाचत नाही.) त्यानंतर सरकारने जे केलं त्याला आपल्या भाषेत सांगायचं तर, बग कुठे आहे हे माहीत नसताना प्रॉडक्शनवर धडाधड पॅच मारणं म्हणतात. प्लेग घाणीतून, हवेतून, माणसाच्या स्पर्शातून पसरतो अशी समजूत होती. म्हणून गटारांत कार्बोलिक ओता, भिंतींना चुना फासा, छपरावरची कौलं काढून खोलीत ऊन येऊ द्या, अंथरूणं जाळा, आणि रोगी सापडला की त्याला उचलून हॉस्पिटलात टाका. म्युनिसिपल कमिशनर स्नो यांनी ६ ऑक्टोबर १८९६ ला सक्तीने रोगी हलवण्याचा हुकूम काढला. २९ ऑक्टोबरला हजारभर गिरणी कामगार आर्थर रोडच्या हॉस्पिटलवर चालून गेले. ते हॉस्पिटल म्हणजे आजचं कस्तुरबा. दुसऱ्याच दिवशी हुकूम बराच सौम्य करावा लागला.

शाळेत आपण हे शिकतो तेव्हा सूर असा असतो की बिचारे अडाणी लोक, त्यांना विज्ञान कळेना. मला हे पटत नाही. गाठीचा प्लेग एका माणसाकडून दुसऱ्याकडे सहसा जातच नाही. तो उंदरावरच्या पिसवेतून येतो. म्हणजे रोग्याला घरातून ओढून नेल्याने घरच्यांचा बचाव होणार नव्हता, कारण उंदीर आणि पिसवा तिथेच होत्या. उलट, घराघरांत एक अनुभवाचा नियम तयार होत गेला होता: "उंदीर पडायला लागले" की घर सोडायचं आणि मोकळ्या माळावर झोपडी घालून राहायचं. हा नियम अचूक होता! फेब्रुवारी १८९७ पर्यंत जवळपास निम्मी मुंबई रिकामी झाली, आणि पळालेल्यांना भित्रे म्हणून हिणवणारेही होते. तिकडे पुण्यात घरझडत्यांचा अतिरेक झाला आणि २२ जून १८९७ ला रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या. ती गोष्ट सर्वांना ठाऊक आहे, पुन्हा सांगत नाही.

पिसवेचा धागा पहिल्यांदा पकडला तो पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने, मुंबईत आणि मग कराचीत, १८९८ मध्ये. त्याच्यावर फारसा कोणी विश्वास ठेवला नाही. तो धागा पुढे नेला विल्यम ग्लेन लिस्टन या डॉक्टरने, परळला. जुन्या गव्हर्न्मेंट हाऊसमध्ये १८९९ पासून हाफकिनची प्रयोगशाळा होती (आजची हाफकिन इन्स्टिट्यूट तीच), तिथे. लिस्टनची युक्ती मला फार आवडली. प्लेग झालेल्या घरात तो गिनीपिग मोकळे सोडायचा. उंदीर मेले की उपाशी पिसवा दिसेल त्या गरम रक्ताच्या प्राण्यावर उड्या मारतात, म्हणजे गिनीपिग झाला चालताबोलता पिसवांचा सापळा. मग त्या पिसवा वेचायच्या, मोजायच्या, तपासायच्या. १९०५ पासून प्लेग कमिशनने परळलाच हे प्रयोग पद्धतशीर केले. एकाच खोलीत एक पिंजरा जमिनीलगत ठेवला, दुसरा दोन फूट उंच टांगला. हवा दोन्हीकडे तीच. जमिनीलगतचा प्राणी आजारी पडला, वर टांगलेला वाचला, कारण पिसू तेवढी उंच उडी मारू शकत नाही. हवेतून प्लेग पसरतो ही थिअरी तिथेच गार झाली. एक पिंजरा, एक दोरी, झालं! याला म्हणतात डिबगिंग.

हाच लिस्टन परळला येण्याआधी वऱ्हाडात एलिचपूरला, म्हणजे आपल्या अचलपूरला होता, आणि तिथे तो मलेरियाच्या डासांच्या सवयी लिहून ठेवत होता. १९०१ साली त्याने एका डासाचं शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केलं. ॲनोफिलिस स्टिफेन्सी. आजही या डासाच्या पूर्ण नावापुढे 'लिस्टन, १९०१' असं लिहितात. मुंबईचा मलेरिया म्हणजे मुख्यतः हाच डास. म्हणजे शहराच्या दोन जुन्या दुखण्यांचे धागे एकाच माणसाच्या वहीत सापडतात, आणि त्याच्या नावाची एक गल्लीसुद्धा माझ्या पाहण्यात नाही. असो.

आता विहिरींकडे येऊ. १८६० मध्ये विहारचं पाणी नळाने आलं, १८९२ मध्ये तानसाचं. तोवर मुंबई विहिरी आणि तलावांवर जगायची. सी. पी. टँक, गोवालिया टँक, धोबीतलाव ही नावं उगीच नाहीत. नळ आले तरी वाडीतली विहीर काही कोणी बुजवली नाही. पाणी कमी उपसलं जाऊ लागलं आणि स्वच्छ, सावलीतलं, स्थिर पाणी शिल्लक राहिलं. स्टिफेन्सीला नेमकं हेच लागतं. आपल्याला शिकवलेलं असतं की डास घाणीत होतात. गटारात होतो तो क्युलेक्स, जो रात्री कानाशी गुणगुणतो. मलेरियाचा हा डास उलट फार टापटिपीचा आहे, त्याला स्वच्छ पाणी हवं. त्यामुळे १८९६ च्या पद्धतीने कितीही गटारं धुतली असती तरी त्याचं काहीएक बिघडलं नसतं.

डॉ. सी. ए. बेंटली यांनी मुंबईतल्या मलेरियाची तपासणी केली आणि १९११ मध्ये त्यांचा अहवाल आला. निष्कर्ष सरळ होता: दक्षिण मुंबईतल्या मलेरियाचं मूळ घराघरांतल्या विहिरी. उपाय, त्या घट्ट झाकणं. डासाची मादी आत शिरू शकली नाही की अंडी नाहीत, आणि आतल्या डासांना बाहेर येता आलं नाही की ते तिथेच संपले. औषध नाही, धूर नाही, कोणाला घरातून ओढणं नाही. एक झाकण.

पण झाकणावर मोठी भानगड झाली. पारशी कुटुंबांसाठी विहीर म्हणजे पाण्याची देवता, तिच्याजवळ दिवा लावायचा, फुलं वाहायची. चर्चगेटजवळची १७२५ ची भिखा बेहराम विहीर आजही त्या श्रद्धेने जपलेली आहे. हिंदूंचं म्हणणं, ज्या पाण्याला ऊन लागत नाही ते पूजेला चालत नाही. काहींचं व्रतच विहिरीच्या पाण्याचं. पालिकेकडे अर्जांवर अर्ज आले. त्या वेळी पालिकेत वरच्या हुद्द्यावर रुस्तम मसानी होते, जे १९२२ मध्ये मुंबईचे पहिले भारतीय म्युनिसिपल कमिशनर झाले. हे अर्ज बघून दुसरा एखादा अधिकारी कपाळावर हात मारून घेता. मसानींना त्यात रस वाटला. लोक विहिरीला देव का मानतात याचा त्यांनी जगभर धांडोळा घेतला आणि १९१८ मध्ये 'फोकलोअर ऑफ वेल्स' नावाचं अख्खं पुस्तक लिहिलं. एका डास-निर्मूलन मोहिमेतून लोकसाहित्याचं पुस्तक निघालं, असं दुसरं उदाहरण मला तरी माहीत नाही.

तडजोड निघाली ती फार साधी होती. विहीर झाकायची, पण झाकणात बारीक तारेची जाळी बसवलेली झडप ठेवायची. धर्मकृत्यासाठी झडप उघडा, पाणी काढा, पुन्हा बंद करा. जाळीतून ऊन जातं, हवा जाते, डास जात नाही. आर्थर रोडच्या वेळी रोग्याच्या नातेवाइकांना काय वाटतं हे विचारायची कोणाला गरज वाटली नव्हती. आणि गंमत बघा, तेव्हा लोकांचं बरोबर होतं, तर विहिरींच्या वेळी पालिकेचं बरोबर होतं. तरीही ऐकून घेतलं गेलं ते दुसऱ्या वेळी. माझ्या मते यात नुसता चांगुलपणा नव्हता. नेमकं काय अडवायचं आहे हे माहीत असेल तर बाकी सगळ्यावर घासाघीस करता येते. माहीत नसेल तर सगळंच अडवावंसं वाटतं.

याचा अर्थ प्रश्न सुटला असा नाही. झाकणं तुटतात, झडपा उघड्या राहतात, पालिकेचा उत्साह मावळतो. १९२८ मध्ये गॉर्डन कोव्हेल यांना मुंबईच्या मलेरियावर पुन्हा अहवाल लिहावा लागला. पुढे विहिरींची जागा गच्चीवरच्या टाक्यांनी घेतली. डासाच्या दृष्टीने टाकी म्हणजे गच्चीवर नेलेली विहीरच. २०१० मध्ये मुंबईत मलेरियाच्या सत्तर हजारांहून अधिक रुग्णांची नोंद झाली, शंभराहून अधिक माणसं गेली. लालबाग-परळच्या गिरण्या पाडून टॉवर उभे राहत होते, त्या सुमाराची ही गोष्ट. बांधकामाच्या जागी साठवलेलं पाणी, लिफ्टच्या खड्ड्यातलं पाणी, स्लॅब ओला ठेवायला त्यावर साचवलेलं पाणी, सगळं स्वच्छ आणि स्थिर.

आणि हा डास आता आपला एकट्याचा राहिलेला नाही. २०१२ मध्ये तो आफ्रिकेत जिबुतीला पहिल्यांदा सापडला. त्या वर्षी त्या देशात मलेरियाचे अवघे २७ रुग्ण होते. २०२० मध्ये ७३ हजारांहून अधिक. आफ्रिकेतला मलेरिया मुख्यतः खेड्यांतला, त्याचे डास डबक्यात आणि शेतात वाढतात. शहराच्या टाकीत वाढणारा डास त्यांना नवीन. इथिओपियातल्या दिरे दावा शहरात २०२२ मध्ये मोठी साथ आली, तीही त्याच्यामुळेच. आपल्याकडे ११० वर्षांपूर्वी जे डोकं लढवलं गेलं तेच आता तिकडे लढवायला लागतंय.

आपल्याकडे अजूनही कायदा जुनाच आहे. १८८८ च्या मुंबई महापालिका कायद्याच्या ३८१ कलमाखाली डासांच्या पैदाशीबद्दल नोटीस येते. टाकीला घट्ट झाकण हवं आणि तपासणीसाठी वर चढायला शिडी हवी, असा पालिकेचा आग्रह असतो. पालिकेचा कीटकनाशक विभाग उंदरांसाठी वेगळी माणसं ठेवतो. रात्री काठी आणि बॅटरी घेऊन फिरणाऱ्या मूषक संहारकाला रात्रीत ३० उंदरांचा कोटा असतो. त्यांच्यावर माहितीपटही निघाला, बातम्याही येतात. शिडी चढून टाकीत डोकावणाऱ्यावर कोण माहितीपट काढणार? त्याला तर नव्या टॉवरच्या गेटवर वॉचमनच अडवतो. अपॉइंटमेंट आहे का, म्हणून.

आमच्या ग्रुपवर पुढच्या वेळी जेलच्या कंपनीवरून जुंपली की मी गच्चीच्या टाकीचे फोटो टाकणार आहे. अंड्यापासून उडणारा डास व्हायला गरमीत आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एकदा भांडी-पिंपं कोरडी करायला सांगतात. आठवड्याचा क्रॉन जॉब समजा. टाकी रिकामी करणं दर आठवड्याला शक्य नसतं, तिथे झाकणच कामाला येतं. आणि झाकण बघताना ओव्हरफ्लोचा पाइपही बघा. झाकणाला कुलूप आणि पाइपला जाळी नाही, अशा टाक्या गिरगाव-दादरमध्ये ढिगाने सापडतील. जाळी कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळते, बांधायला एक तार पुरते.