परवलीच्या शब्दांची साठवण, संगणकातील

संगणकाचा किंवा संगणकजालावरील एखाद्या सेवेचा उपयोग करण्याचा अधिकार ज्यांना दिलेला असतो, त्यांची नावे, परवलीचे शब्द, गट आणि अधिकार यांची नोंद सर्व्हरवर सुरक्षितपणे ठेवण्याची पद्धती. छावणीच्या पहारेकऱ्यास परवल स्वतःला ठाऊक असावी लागते. त्यामुळे तो फितूर झाला की परवलही फुटते. संगणकाच्या बाबतीत प्रारंभी हीच स्थिती होती. आलेला शब्द खरा की खोटा हे संगणकास ओळखता यावे, मात्र त्याच्या नोंदवहीतून मूळ शब्द कोणासही वाचता येऊ नये, हा या विषयातील मूलभूत प्रश्न होय.

प्रारंभ : एकाच संगणकावर अनेकांनी एकाच वेळी काम करण्याची कालविभागणी पद्धती अमेरिकेतील मॅसॅचूसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत फर्नांदो कॉर्बातो (१९२६–२०१९) यांच्या नेतृत्वाखाली विकसित झाली व १९६१ मध्ये तिचे प्रात्यक्षिक झाले. प्रत्येकाच्या फायली आणि त्याला नेमून दिलेला संगणकाचा वेळ स्वतंत्र ठेवण्यासाठी या प्रणालीत परवलीच्या शब्दांचा अवलंब करण्यात आला. हे सर्व शब्द एका फायलीत जसेच्या तसे लिहून ठेवलेले असत. १९६२ मध्ये ॲलन शेर या संशोधक विद्यार्थ्याने आपल्या वाट्याच्या वेळेपेक्षा अधिक वेळ मिळावा म्हणून छिद्रित पत्राद्वारे ती फाइल छापण्याची मागणी नोंदविली आणि संगणकाने ती छापून दिली. पुढे याच दशकात अधिक गंभीर प्रसंग घडला. दोन व्यवस्थापक एकाच वेळी, एक परवलीच्या शब्दांची फाइल व दुसरा दैनिक सूचनेची फाइल, दुरुस्त करीत होते. संपादन आज्ञावली तात्पुरत्या फायलीस नेहमी एकच नाव देत असल्याने दोहोंची अदलाबदल झाली आणि संगणकाशी संपर्क साधणाऱ्या प्रत्येकाच्या यंत्रावर सूचनेऐवजी सर्वांचे परवलीचे शब्द छापले जाऊ लागले. या प्रसंगात कोणाचाही दुष्ट हेतू नव्हता. फाइल कितीही जपली तरी ती केव्हातरी उघडी पडणारच, असे गृहीत धरून साठवणीची रचना केली पाहिजे, हा धडा त्यातून मिळाला.

एकदिश फलन : या प्रश्नाचे पहिले तात्त्विक उत्तर इंग्लंडमधील केंब्रिज विद्यापीठात मिळाले. तेथील टायटन संगणकाच्या कालविभागणी प्रणालीसाठी रॉजर नीडम (१९३५–२००३) यांनी सुचविलेली योजना मॉरिस विल्क्स (१९१३–२०१०) यांनी १९६८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात वर्णिली आहे. या योजनेत शब्द न साठविता त्यावर एक गणिती क्रिया करून येणारे फल साठवितात. ही क्रिया सरळ दिशेने सोपी, परंतु उलट दिशेने व्यवहारतः अशक्य असते. म्हणून तिला एकदिश फलन म्हणतात. वापरकर्त्याने शब्द दिला की संगणक त्यावर तीच क्रिया करतो व आलेले फल साठविलेल्या फलाशी ताडून पाहतो. अशा रीतीने पहारेकऱ्यास परवल माहीत असण्याची गरज उरली नाही.

युनिक्सचा अनुभव : बेल प्रयोगशाळेतील रॉबर्ट मॉरिस (१९३२–२०११) आणि केन टॉम्प्सन (१९४३– ) यांनी १९७९ मध्ये युनिक्स प्रणालीतील अनुभव प्रसिद्ध केला. तो या विषयातील पायाभूत निबंध मानला जातो. युनिक्समधील आरंभीची क्रिया दुसऱ्या महायुद्धकालीन एम-२०९ या गुप्तलेखन यंत्राच्या धर्तीवर होती. ती उलटविणे कठीण असले, तरी ती फार जलद होती. त्यामुळे चोरास संभाव्य शब्द एकामागून एक घालून पाहणे सुलभ होई. लोक निवडीत असलेले शब्दही दुबळे असत. तपासलेल्या ३,२८९ शब्दांपैकी २,८३१, म्हणजे सु. ८६ टक्के, अतिशय आखूड तरी होते किंवा शब्दकोश व नावांच्या याद्यांत सापडणारे तरी होते.

यावर त्यांनी दोन उपाय योजले. पहिला म्हणजे क्रिया हेतुपुरस्सर संथ करणे. त्यासाठी डीईएस या मानक गुप्तलेखन पद्धतीची २५ आवर्तने करण्यात आली. दुसरा उपाय म्हणजे प्रत्येक शब्दास १२ बिटांची एक यदृच्छ संख्या जोडणे. या संख्येस ‘सॉल्ट’, म्हणजे मीठ, असे नाव मिळाले. ती गुप्त नसते. नोंदीतच लिहिलेली असते. तिच्यामुळे एकाच शब्दाची ४,०९६ निरनिराळी फले संभवतात. परिणामी दोघांचा शब्द एकच असला, तरी तो सामान्यतः ओळखू येत नाही आणि आधी तयार केलेल्या फलांच्या यादीचा चोरास फारसा उपयोग होत नाही.

तथापि युनिक्समधील ही फाइल कोणासही वाचता येत असे, कारण वापरकर्त्यांची नावे व क्रमांक इतर अनेक आज्ञावलींना लागत. २ नोव्हेंबर १९८८ रोजी इंटरनेटवर पसरलेल्या ‘मॉरिस वर्म’ या आज्ञावलीने या सोयीचा फायदा घेतला. तिच्यात ४३२ शब्दांची यादी होती व ते शब्द ती प्रत्येक खात्यावर घालून पाही. ती लिहिणारा विद्यार्थी उपर्युक्त रॉबर्ट मॉरिस यांचाच पुत्र होता. नावे सर्वांस खुली ठेवून फले केवळ व्यवस्थापकास वाचता येणाऱ्या निराळ्या फायलीत ठेवण्याची पद्धती याच सुमारास रूढ होऊ लागली.

डेटाबेसमधील साठवण : एडगर कॉड (१९२३–२००३) यांनी १९७० मध्ये मांडलेल्या संबंधाधिष्ठित प्रतिमानावरील डेटाबेस व्यापारी उपयोगात रुळल्यावर आणि १९९० नंतर जागतिक जालावरील सेवांचे वापरकर्ते लक्षावधींनी वाढल्यावर साधी फाइल अपुरी पडू लागली. नावे, फले, गट व अधिकार यांसाठी डेटाबेसमध्ये स्वतंत्र सारण्या ठेवण्यात येऊ लागल्या. यामुळे अनेक सर्व्हरांना एकच नोंद वापरता येऊ लागली. परंतु एका छिद्रातून सगळीच नोंद बाहेर पडण्याचा धोकाही वाढला. डिसेंबर २००९ मध्ये ‘रॉकयू’ या अमेरिकन कंपनीच्या डेटाबेसमधून सु. ३ कोटी २० लाख परवलीचे शब्द चोरीस गेले. ते मूळ रूपातच साठविलेले होते व त्यांत ‘१२३४५६’ हा सर्वाधिक आढळला. २०१२ मध्ये ‘लिंक्डइन’ची फले फुटली, ती शा-१ या जलद क्रियेने काढलेली व यदृच्छ संख्येविना होती. एकच शब्द अनेक ठिकाणी वापरण्याची लोकांची सवय असल्याने अशा चोरीची झळ अन्य सेवांवरील खात्यांनाही पोहोचते.

अशा साठवणीची मांडणी करताना काही दंडक पाळणे आवश्यक ठरले आहे. सेवा चालविणाऱ्या आज्ञावलीस डेटाबेसमधील केवळ आवश्यक सारण्यांपुरतेच अधिकार द्यावयाचे. सर्व्हर व डेटाबेस यांमधील दळणवळण गुप्तलिखित ठेवावयाचे. डेटाबेस उघडण्याचा शब्द आज्ञावलीच्या मजकुरात लिहावयाचा नाही. वापरकर्त्याने भरलेला मजकूर डेटाबेसला दिलेल्या आज्ञेत थेट मिसळावयाचा नाही, कारण रॉकयूची चोरी याच मार्गाने झाली होती. फलाबरोबर ते ज्या क्रियेने काढले तिचे नाव व आवर्तनांची संख्याही नोंदवितात. त्यामुळे क्रिया जुनी झाली, की वापरकर्त्याच्या पुढील प्रवेशाच्या वेळी नव्या क्रियेने फल काढून घेता येते.

आधुनिक पद्धती : यंत्रांचा वेग वाढत गेल्याने २५ आवर्तने नगण्य ठरली. नील्स प्रोव्होस व डेव्हिड माझिएरेस यांनी १९९९ मध्ये मांडलेल्या ‘बीक्रिप्ट’ पद्धतीत यदृच्छ संख्या १२८ बिटांची असून क्रियेचा संथपणा गरजेनुसार वाढविता येतो. कॉलिन पर्सिव्हल यांच्या २००९ मधील ‘एसक्रिप्ट’ने वेळेबरोबर मोठी स्मृतीही खर्ची पडेल अशी योजना केली, त्यामुळे असंख्य प्रयत्न एकाच वेळी करणारी स्वस्त यंत्रे बनविणे अवघड झाले. २०१३–१५ या काळातील खुल्या स्पर्धेत लक्झेंबर्ग विद्यापीठातील संशोधकांच्या ‘आर्गॉन-२’ या पद्धतीची निवड झाली.

भारतात माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० अन्वये २०११ मध्ये केलेल्या नियमांत परवलीच्या शब्दाची गणना संवेदनशील वैयक्तिक माहितीत करण्यात आली. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियमात वाजवी सुरक्षा-उपाय न योजणाऱ्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. साठवणीची पद्धती कितीही निर्दोष असली, तरी सहज तर्क करता येणाऱ्या शब्दास ती पूर्ण संरक्षण देऊ शकत नाही. ती चोरास विलंब लावते आणि त्या अवधीत शब्द बदलण्याची संधी वापरकर्त्यास मिळते.