‘रिकामीं’ नळकांडीं

गंधकाम्लाची बाटली किंवा दारूगोळ्याची पेटी गाडींत चढवावयाची असली म्हणजे हमालहि तिला जपून हात लावतो. परंतु जी वस्तु प्राणरक्षणासाठींच घडविली, तिच्या पोटांत आग असेल अशी शंका सहसा कोणास येत नाहीं. अग्निशामक नळकांडें, आपोआप फुगणारें जीवरक्षक जाकीट, मोटारींतील हवेची पिशवी या वस्तूंत दाबलेला वायु किंवा स्फोटक द्रव्य असतें. म्हणूनच वाहतुकीच्या नियमांनीं त्यांस धोक्याच्या मालांत बसविलें आहे. ही खबरदारी किती सार्थ आहे, तें अमेरिकेंतील मायामी येथें १९९६ सालीं जें घडलें त्यावरून कळतें.

विमान उंचावर असतां आंतील हवेचा दाब उतरला, तर उतारूंपुढें मुखवटे लोंबूं लागतात. अनेक विमानांत त्यांना प्राणवायु पुरविणारें धातूचें एक लहान नळकांडें असतें. त्यांत मुख्यत्वेंकरून सोडियम क्लोरेट भरलेलें असतें. मुखवटा ओढला कीं दोरीनें खीळ निघते, हातोडी स्फोटक टोपीवर आदळते आणि रासायनिक क्रिया सुरू होऊन सुमारें पंधरा मिनिटें प्राणवायु मिळतो. त्या वेळीं नळकांड्याचें अंग २३० ते २६० अंश सेंटिग्रेडपर्यंत तापतें.

व्हॅल्यूजेट कंपनीनें घेतलेल्या विमानांची डागडुजी सेबरटेक नांवाच्या कारखान्यांत चालली होती. तेथें बारा वर्षांची मुदत संपलेलीं अशीं नळकांडीं उतरविण्यांत आलीं. टोपीवर प्लॅस्टिकचें झांकण बसवावें, असें कामाच्या पत्रकांत स्पष्ट होतें. झांकणें कारखान्यांत नव्हतीं. सह्या मात्र पत्रकावर झाल्या! पुढें जागा आवरतांना सुमारें १४४ नळकांडीं पांच पुठ्ठ्याच्या खोक्यांत भरलीं गेलीं. मुदत संपली म्हणजे आंतील द्रव्यहि संपलें, असा समज झाला, आणि पाठवणीच्या कागदावर त्यांची नोंद ‘रिकामीं’ अशी झाली. वस्तुतः बहुतेक भरलेलीं होतीं. खोक्यांवर धोक्याची एकहि खूण नव्हती.

११ मे रोजीं तीं खोकीं टायरांसह अटलांटास निघालेल्या ५९२ क्रमांकाच्या उड्डाणाच्या पुढील मालकक्षांत ठेवण्यांत आलीं. या कंपनीस धोक्याचा माल नेण्याची परवानगीच नव्हती. कागद खरें बोलता, तर माल धक्क्यावरच राहता. त्या मालकक्षांत धुराची सूचना देणारें यंत्र नव्हतें, आग विझविण्याचें साधनहि नव्हतें. कक्ष बंदिस्त असल्यानें आंतील हवा संपली कीं आग आपोआप विझेल, असा हिशेब होता. येथें तर आगीस प्राणवायु पुरविणारेंच आंत बसलें होतें. उड्डाणानंतर सुमारें दहा मिनिटांनीं विमान एव्हरग्लेड्सच्या दलदलींत कोसळलें. ११० माणसें होतीं. एकहि वांचलें नाहीं.

नियम नव्हते असें नाहीं. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांनीं धोक्याच्या मालाविषयींच्या शिफारशी १९५६ सालींच प्रसिद्ध केल्या होत्या. इशाराहि मिळालेला होता. १९८६ च्या ऑगस्टांत शिकागोच्या विमानतळावर उभें असलेलें एक डीसी-१० विमान अशाच नळकांड्यानें लागलेल्या आगींत जळालें होतें. आंत उतारू नव्हते, म्हणून गोष्ट तेवढ्यावरच राहिली. कागद लिहिणाऱ्या कारकुनास बोल लावणें सोपें. परंतु १९९७ च्या चौकशी-अहवालानें कारखाना, विमानकंपनी आणि सरकारी हवाई खातें या तिघांच्याहि पदरीं दोष घातला.

हीं नळकांडीं उतारूंच्या विमानांतून माल म्हणून नेण्यास त्याच मे महिन्यांत तात्पुरती व वर्षअखेरीस कायमची मनाई झाली. बंदिस्त मालकक्षांत आगीची सूचना देणारीं व ती दाबणारीं साधनें २००१ पर्यंत बसवावींत, असा नियम १९९८ सालीं झाला. आज या वस्तूस ३३५६ हा संयुक्त राष्ट्रांचा क्रमांक आहे आणि तिच्या पेटीवर वर्तुळावरील ज्वालेची पिंवळी खूण लागते. वापरून खरोखरच रिकामें झालेलें नळकांडें असेल, तर तें मालवाहू विमानांतसुद्धां घेत नाहींत.