वायपरची कुळकथा

मोटारीच्या इंजिनाचा इतिहास पुष्कळांनी वाचलेला असतो. परंतु पावसाळ्यात समोरच्या काचेवर इमानाने डोलणाऱ्या दोन दांड्यांची कुळकथा फार थोड्यांच्या कानी आली असेल. आम्हांसही ती जाणून घेण्याची बुद्धी झाली ती एका फजितीमुळे.

गेल्या गणेशोत्सवात कोलकात्याच्या महाराष्ट्रीय मंडळींचा कार्यक्रम आटोपून आम्ही अण्णांच्या मोटारीतून परतत होतो. अण्णा म्हणजे आमच्याच खात्यातून निवृत्त झालेले वडीलधारे गृहस्थ. त्यांची अँबॅसडर त्यांच्या वडिलांनी १९६० नंतरच्या दशकात घेतलेली. गाडीत एक जाड लॉगबुक असते, आणि पेट्रोल, टायर, दुरुस्ती यांची प्रत्येक नोंद आधी वडिलांच्या व मग अण्णांच्या अक्षरात तीत सापडते. त्या रात्री पाऊस असा लागला, की दिव्यांचे केवळ पिवळे डाग दिसत होते. डावीकडचा वायपर दोनदा खरखरला आणि काचेच्या मध्यावर थांबला. पाठोपाठ उजवाही थकला. शेवटी अण्णांनी खिडकीतून हात बाहेर काढून पंचाने काच पुसत गाडी कशीबशी घरी आणली. दुसऱ्या दिवशी एका गॅरेजने निकाल दिला, की हे भाग आता मिळत नाहीत, गाडी भंगारात द्यावी. अण्णांच्या मुलानेही तोच सल्ला दिला. अण्णा काही बोलले नाहीत; पण त्यांनी लॉगबुक उचलून घरात नेले, हे आम्ही पाहिले.

खिडकीतून बाहेर आलेला तो हात वायपरच्या इतिहासाच्या अगदी आरंभी नेऊन सोडतो. विसाव्या शतकाच्या प्रारंभी अमेरिकेतील अलाबामा राज्याच्या बर्मिंगहॅम शहरातील मेरी अँडरसन ही बाई हिवाळ्यात न्यूयॉर्कला गेली होती. बर्फमिश्रित पावसात ट्रामचा चालक समोरची काच उघडून बसला आहे, थंडीने काकडत आहे, पण उघडल्यावाचून त्याला रस्ता दिसत नाही, असे तिने पाहिले. उतारूंनी ते नित्याचेच म्हणून सोडून दिले असावे. तिने सोडले नाही. आतून मूठ फिरविली की बाहेर रबराची पट्टी लावलेला दांडा काचेवरून फिरेल, अशी योजना तिने आखली. १० नोव्हेंबर १९०३ रोजी तिला ७,४३,८०१ क्रमांकाचे पेटंट मिळाले. १९०५ साली तिने ते कॅनडातील एका व्यापारी पेढीस देऊ केले. परंतु त्यात पैसा नाही, असे कारण सांगून पेढीने नकार दिला. पेटंटाची सतरा वर्षांची मुदत १९२० साली संपली, आणि त्यानंतर मोटारींचा सुळसुळाट होऊन वायपर घरोघर पोहोचला! बाईंना त्यातून काहीच मिळाले नाही. १९५३ साली त्या निवर्तल्या. अमेरिकेच्या संशोधकांच्या राष्ट्रीय मानमंदिरात त्यांचे नाव लागले ते २०११ साली.

१९१७ साली या कथेत आणखी दोन माणसे येतात. शार्लट ब्रिजवुड या बाईंनी विजेवर चालणाऱ्या, पट्टीऐवजी रूळ असलेल्या वायपरचे पेटंट घेतले, पण त्याचा धंदा झाला नाही. त्याच साली बफेलो शहरात जॉन ऑइशे यांची मोटार भर पावसात एका सायकलस्वारावर आदळली. त्या धक्क्यातून त्यांनी वायपर बनविण्याचा उद्योगच उभारला. तोच पुढे ट्रायको या नावाने प्रसिद्धीस आला.

हाताने दांडा हलवीत मोटार हाकणे जिकिरीचे होते. म्हणून इंजिनाच्या शोषणशक्तीवर वायपर चालविण्याची युक्ती निघाली. तीत एक मोठी खोड होती. चालकाने पाय दाबला किंवा चढ लागला की इंजिनातील ते शोषण घटे आणि वायपर मंदावत. आमच्या वाचकांपैकी ज्यांनी आषाढात सह्याद्रीचा घाट चढला असेल, त्यांस या खोडीचा अर्थ वेगळा सांगावयास नको. नजर जेथे सर्वांत जास्त हवी, नेमक्या तेथेच हे यंत्र दगा देणार! विजेच्या मोटरवर चालणाऱ्या वायपरने हा दोष गेला, कारण त्याची गती इंजिनावरील भारावर अवलंबून राहिली नाही.

विलायतेत ही विद्युत्सामग्री बनविण्यात लुकास कंपनीचे नाव मोठे होते. तिचे मूळ गावही बर्मिंगहॅम, मात्र इंग्लंडातले. तिने रूढ केलेली रचना अशी: मोटरच्या पोटात गोल फिरणारी गती एका दांडीने पुढेमागे होणाऱ्या गतीत बदलते. ही दांडी एका लवचीक पोलादी तारेला ओढते व ढकलते. तारेभोवती स्क्रूच्या आट्यांप्रमाणे दुसरी तार गुंडाळलेली असते, आणि ही सारी जोडी डॅशबोर्डामागच्या नळीतून जाते. प्रत्येक वायपरच्या बुडाशी एक लहान पेटी असते. तीत दातेरी चक्र. तारेच्या आट्या चक्राच्या दात्यांत अडकतात, तार पुढेमागे झाली की चक्र डावी-उजवीकडे झुलते आणि त्याच्या आसावर बसविलेला दांडा काच पुसतो. १९५७ साली उत्तरपाड्याच्या कारखान्यात मॉरिस ऑक्सफर्डच्या साच्यावर अँबॅसडर बनू लागली, तेव्हा ही विलायती परंपरा हुगळीच्या काठी आली. १९६१ साली स्थापन झालेल्या लुकास-टीव्हीएसमुळे अशी विद्युत्सामग्री पुढे दक्षिणेतच तयार होऊ लागली. आपल्या किती अधिकाऱ्यांनी जिल्ह्याजिल्ह्यांतले दौरे या वायपरांमागे बसून केले असतील! २०१४ साली उत्तरपाड्याचे उत्पादन थांबले.

या कुळकथेतील शेवटचे मोठे नाव रॉबर्ट कर्न्स यांचे. लग्नाच्या रात्री शॅम्पेनच्या बाटलीचे बूच लागून त्यांचा एक डोळा जवळजवळ निकामी झाला होता. डोळ्याची पापणी जशी थांबून थांबून मिटते तसाच वायपरही का चालू नये, या विचारातून त्यांनी रिमझिम पावसासाठी थांबत चालणारा वायपर योजिला आणि १९६७ साली त्याचे पेटंट मिळविले. मोठ्या कारखानदारांनी परवान्यावाचून ती कल्पना वापरली, म्हणून ते १९७८ पासून कोर्टात लढले. १९९० साली ज्यूरीने फोर्ड कंपनीविरुद्ध कौल दिला व कंपनीने एक कोटी दोन लक्ष डॉलर दिले. पैशापेक्षा आपले नाव मान्य व्हावे, हीच त्यांची आस होती. २००५ साली ते वारले.

नावांची नोंद झाली की इतिहास होतो. दुरुस्तीची नोंद सहसा होत नाही. अण्णांची गाडी ज्याने वाचविली, तो वृद्ध मिस्त्री टॉलीगंजच्या एका गल्लीत बसतो. त्याने प्रथम नळीतून तार ओढून काढली. वर्षानुवर्षांचे ग्रीस मेणासारखे घट्ट झाले होते. ते त्याने रॉकेलने धुतले. मग पेट्या उघडल्या. दात्यांची एक बाजू झिजून गुळगुळीत झाली होती. आम्ही निराश झालो. मिस्त्री मात्र हसला, आणि चक्र फिरवून त्याने दुसरी बाजू दाखविली: तेथले दाते कोरे करकरीत होते! वायपर पूर्ण वर्तुळात फिरत नाही, केवळ झुलतो. त्यामुळे साठ वर्षे चक्राचा एकच भाग खपत होता. त्याने दोन्ही चक्रे अर्धा फेरा देऊन बसविली. तारही तिच्याच अंगाभोवती अर्धी वळवून घातली, म्हणजे तिची न झिजलेली बाजू दात्यांत आली. मोटरचे कार्बन बदलले, आसाखालची कुजलेली रबरी वॉशरे नवी घातली आणि ताजे ग्रीस भरले. नवा एकही दुर्मीळ भाग लागला नाही.

आमची नोकरी कारकुनाची. निकामी झालेल्या वस्तू निर्लेखित करण्याचे प्रस्ताव आमच्या टेबलावरून जातात, आणि "दुरुस्तीयोग्य नाही" हा शेरा आम्ही अनेकदा निमूटपणे उतरून घेतला आहे. ती चक्रे पाहिल्यावर मनात आले, की यांतील किती वस्तूंची दुसरी बाजू कोणी पाहिलीच नसेल.

मिस्त्रीने निघताना बजावले, की हा उपाय एकदाच चालतो. आता दोन्ही बाजू वापरात आल्या; पुढच्या वेळी चक्रे नवीच हवीत, आणि हे पुढच्या कारागिरास ठाऊक नसेल तर तो व्यर्थ पेटी उघडत बसेल. अण्णांनी लॉगबुक मागविले. त्यांचा हात हल्ली कापतो, म्हणून लेखणी आमच्या हाती आली. तारीख घातली, कामाचे वर्णन लिहिले, आणि त्यापुढे मिस्त्रीचे नाव. त्याने ते बंगालीत स्वतःच लिहून दिले. वडिलांच्या आणि अण्णांच्या अक्षरांनंतर तिसरे अक्षर त्या पुस्तकात आले. बाहेर पाऊस होताच. अण्णांनी बटण दाबले आणि दोन्ही दांड्या एकदम डावीकडे वळल्या.