राखीव किंमत (फेरबदल केलेल्या जुन्या मोटारींच्या लिलावातील)

राखीव किंमत : लिलावात ज्या रकमेच्या खाली वस्तू देण्यास विक्रेता बांधील नसतो ती रक्कम. मोटारींच्या बाजारात तिला नुसते ‘रिझर्व्ह’ म्हणतात. बोली जिथून सुरू होते तो आकडा वेगळा. बोली एक लाखापासून सुरू होते आणि रिझर्व्ह चार लाखांचा असतो, असे सर्रास घडते. ज्या गाडीसारखी दुसरी गाडी बाजारात सापडत नाही, तिचा रिझर्व्ह कोणी आणि कशाच्या आधारे ठरवायचा, हा या नोंदीचा विषय आहे. उदाहरण मुख्यतः प्रीमियर पद्मिनीचे घेतले आहे. महाराष्ट्रात हौसेने जपलेल्या आणि हौसेनेच बदललेल्या गाड्यांत तिचा नंबर वरचा आहे.

   पद्मिनी बनवणाऱ्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा एक कारखाना डोंबिवली पूर्वेला, मानपाड्याजवळ होता. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या या कंपनीचा मूळ कारखाना कुर्ल्याचा. या कंपनीने बनवलेल्या फियाट ११०० ची पन्नाशीच्या दशकातली गोलमटोल आवृत्ती मुंबईकरांत ‘डुक्कर फियाट’ म्हणून ओळखली गेली. १९६४ मध्ये ‘डिलाइट’ आली आणि तीच गाडी १९७४ पासून ‘प्रीमियर पद्मिनी’ झाली. डोंबिवलीच्या कारखान्यात १९९० च्या दशकात फ्रान्सच्या प्यूजो कंपनीबरोबर ३०९ ही गाडी निघाली, पण दशक सरायच्या आत तो संसार मोडला. आता त्या पट्ट्यात टॉवर उभे आहेत. राजकीय सभांच्या बातम्यांत मात्र ‘प्रीमियर मैदान’ हे नाव टिकून राहिले.

या गाडीच्या किमतीचा वाद लिलावांपेक्षा जुना आहे. १९६९ मध्ये केंद्र सरकारने अँबॅसडर, फियाट आणि स्टँडर्ड या देशी मोटारींच्या विक्रीकिमती आदेशाने बांधून दिल्या. कंपन्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या. प्रीमियर ऑटोमोबाइल्स विरुद्ध भारत सरकार या खटल्यात रास्त किंमत म्हणजे काय, उत्पादकाला किती परतावा सुटला म्हणजे तिला रास्त म्हणायचे, याचा खल झाला. बाजाराने आपला निकाल आधीच लावला होता. नोंदणी करून गाडी मिळेपर्यंत वर्षे जात, त्यामुळे वापरलेली फियाट कोऱ्या फियाटपेक्षा महाग विकली जाई. कागदावरची किंमत आणि हातात पडणारी किंमत यांची ताटातूट मराठी मध्यमवर्गाने तेव्हाच पाहिली.

टॅक्सी म्हणून पद्मिनीचा शेवट तारखेसह नोंदला गेला आहे. मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांची वयोमर्यादा आहे. ताडदेव आरटीओत ऑक्टोबर २००३ मध्ये नोंदलेली शेवटची काळी-पिवळी पद्मिनी ऑक्टोबर २०२३ अखेर रस्त्यावरून उतरली. त्यानंतर तिच्याकडे भाड्याची गाडी म्हणून पाहणारे संपले आणि संग्रहातली वस्तू म्हणून पाहणारे वाढले.

फेरबदल कोणते होतात? मूळ पद्मिनीचे इंजिन १०८९ सीसीचे. गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या खांबावर, पुढे सलग बाकासारखी सीट, दाराच्या काचेला लागून छोटी तिकोनी काच. हौशी मालक आधी चाके बदलतात, मग पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक बसवतात, डॅशबोर्डखाली एसी अडकवतात, बाकाच्या जागी दोन बकेट सीट येतात आणि ‘गिअर खाली घेतला’ जातो. इथे खरी गोम आहे. उत्पादनाच्या अखेरच्या काळातल्या एस-वन या प्रकारात कंपनीनेच बकेट सीट दिल्या आणि गिअर जमिनीवर आणला. म्हणजे जमिनीवरचा गिअर एका गाडीत अस्सल आणि दुसरीत गॅरेजची करामत. फोटोत दोन्ही सारखेच दिसतात. फरक कळतो तो चेसिस नंबर, इंजिन नंबर आणि आरसी शेजारी-शेजारी ठेवल्यावर. ऑनलाइन लिलावाच्या पानावर या तिन्हींचे स्पष्ट फोटो नसतील, तर रिझर्व्ह कितीही कमी असो, बोली लावणारा अंधारात तीर मारत असतो.

कायदा फेरबदलांकडे कौतुकाने पाहत नाही. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार, उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल गाडीत करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळमधून आलेल्या प्रकरणात हे पक्के केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने परवानगीबाहेरच्या प्रत्येक फेरबदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आणली. जुलै २०२१ मध्ये केंद्राने व्हिंटेज वाहनांसाठी स्वतंत्र नोंदणी सुरू केली. वय पन्नास वर्षांहून अधिक हवे, चेसिस, बॉडी आणि इंजिन यांत मोठा बदल नको. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, फेरनोंदणीला ५,०००, आणि नंबरप्लेटवर ‘व्हीए’ ही अक्षरे. अशी गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही.

याचा किमतीवर होणारा परिणाम विक्रेते सहसा बोलून दाखवत नाहीत. १९७४ ची पद्मिनी आज पन्नाशी ओलांडून व्हिंटेज नोंदणीच्या उंबरठ्यावर आहे. तिच्यात दुसऱ्या कंपनीचे इंजिन बसवले असेल, तर त्या कामाचे बिल कितीही मोठे असो, त्या नोंदणीचा दरवाजा बंद होतो. मालक रिझर्व्ह ठरवताना हेच बिल पुढे करतो: गाडी इतक्याला घेतली, डेंटिंग-पेंटिंगला इतके, इंजिनकामाला इतके, बेरीज झाली राखीव किंमत. खर्चाची बेरीज मालकाच्या हौसेचा हिशोब असते. तो हिशोब ग्राहकाच्या माथी मारणे, हीच या बाजारातली सर्वांत रूढ गैरवाजवी पद्धत म्हणावी लागेल. उलटही घडते. कुशल हातांनी केलेला फेरबदल स्वतःच मोल कमावतो. कॅलिफोर्नियातील सिंगर ही कंपनी जुन्या पोर्शे ९११ नव्याने घडवून देते आणि त्या गाड्यांना मूळ गाडीच्या कितीतरी पट किंमत येते. भारतात असे नाव कमावलेल्या कार्यशाळा थोड्या, म्हणून इथे अस्सलपणाच जास्त खपतो.

लिलावाचे नियम माल विक्री अधिनियम, १९३० च्या कलम ६४ मध्ये आहेत आणि ते आजही वाचण्याजोगे आहेत. विक्रीला राखीव किंमत असल्याचे जाहीर करता येते. विक्रेत्याला स्वतः बोली लावायची असेल, तर तो हक्क आधी उघडपणे राखून ठेवावा लागतो. तसे न करता त्याने किंवा त्याच्या माणसाने बोली लावली, तर ग्राहक ती विक्री कपटाची मानू शकतो. भाव चढवण्यासाठी खोटी बोली लावली गेली, तर विक्री रद्द करण्याचा पर्याय ग्राहकाकडे असतो. हातोडा पडेपर्यंत बोली मागे घेण्याची मुभाही कायदा देतो. ऑनलाइन लिलावांत मात्र अनामत रक्कम आधी भरून घेतात आणि अटी-शर्तींत ही मुभा गुंडाळून ठेवतात. हातोड्याची जागा घड्याळाने घेतली आहे. अमेरिकेतील ब्रिंग अ ट्रेलर या लिलावस्थळावर अखेरच्या दोन मिनिटांत बोली आली की घड्याळ पुन्हा दोन मिनिटांवर जाते. तिथे राखीव रक्कम गुप्त असते, पण रिझर्व्ह नसेल तेव्हा तसे ठळक लिहिले जाते.

भारतात सरकारी मालाचे ई-लिलाव प्रामुख्याने एमएसटीसी ही केंद्र सरकारची कंपनी चालवते. एप्रिल २०१९ मध्ये अंमलबजावणी संचालनालयाने नीरव मोदी आणि मेहुल चोक्सी प्रकरणातील जप्त मोटारी तिच्यामार्फतच विकल्या. त्यांतील रोल्स-रॉइस घोस्टला १.३३ कोटी रुपयांची बोली आली. खासगी बाजूला, मुंबईच्या अॅस्टागुरू या संस्थेने २०२० पासून व्हिंटेज व क्लासिक मोटारींचे ऑनलाइन लिलाव सुरू केले. अशा संस्था गाडीमागे ‘अंदाजित किंमत’ छापतात. राखीव किंमत तिच्याशी कशी जोडलेली आहे हे ग्राहकाला माहीत असेलच असे नाही.

रिझर्व्ह उंच ठेवल्याने विक्रेत्याचे भले होते, ही समजूत फारशी टिकत नाही. जेरेमी ब्युलो आणि पॉल क्लेम्पेरर या अर्थशास्त्रज्ञांनी १९९६ मध्ये दाखवले की, काही सर्वसाधारण गृहीतकांखाली, अगदी अचूक राखीव किंमत ठरवण्यापेक्षा एक जादा बोलीदार आणणे विक्रेत्याला अधिक फायद्याचे ठरते. कमी राखीव किमतीवरून बोली उंच जाण्याचे महाराष्ट्रातले टोकाचे उदाहरण मोटारीचे नाही, जमिनीचे आहे. जानेवारी २०२४ मध्ये खेड तालुक्यातील मुंबके गावची, दाऊद इब्राहिमच्या कुटुंबाशी निगडित जमीन तस्करांच्या मालमत्ता जप्त करणाऱ्या सफेमा कायद्याखाली लिलावात निघाली. एका छोट्या तुकड्याची राखीव किंमत होती १५,४४० रुपये आणि बोली गेली २.०१ कोटींवर. तिथे भाव मातीचा नव्हता, नावाचा होता. जुन्या मोटारीतही पूर्वीच्या मालकाचे नाव असाच भाव खाते.

रिझर्व्हची रक्कम गुप्त ठेवणे हा आपोआप अन्याय ठरत नाही. विक्रेत्याने आपले पत्ते उघडे का टाकावेत? पण रिझर्व्ह आहे की नाही, तो लिलावाच्या मध्येच बदलता येतो का, आणि लिलाव चालवणारी संस्था स्वतः बोली लावते का, एवढे पहिल्या बोलीआधी ग्राहकाला कळलेच पाहिजे. राखीव किंमत गाठली न गेल्याचा शेरा येतो आणि तीच गाडी पंधरवड्याने पुन्हा यादीत दिसते, तेव्हा आधीच्या बोलीदारांनी मालकाला फुकटात मूल्यांकन करून दिलेले असते.

याबाबत बँकांचे आणि दिवाळखोरीतले लिलाव खासगी लिलावांपेक्षा शिस्तीचे आहेत, हे नवलच. तारण मालमत्ता विकणाऱ्या बँकेला २००२ च्या नियमांनुसार आधी मूल्यांकन करून घ्यावे लागते. दिवाळखोरी संहितेखालील लिलाव फसला, तर परिसमापक राखीव किंमत पुढच्या वेळी २५ टक्क्यांपर्यंत आणि त्यानंतर प्रत्येक खेपेला १० टक्क्यांपर्यंत खाली आणू शकतो. खासगी मोटार-लिलावांसाठी अशी पायरी कोणी आखून दिलेली नाही. लिलाव फसल्यावर सर्वांत वरच्या बोलीदाराला फोन जातो आणि ‘फायनल किती?’ या प्रश्नावर पुढचा सौदा ठरतो.