मुखत्यारनाम्यांची सभा

पेशवाई बुडाल्यानंतरही पर्वतीच्या देवस्थानाला सरकारी नेमणूक मिळत असे आणि तिचा कारभार पंचांच्या हाती होता. त्या पंचांविषयी पुण्यात साचत गेलेल्या असंतोषाच्या निवारणार्थ गणेश वासुदेव जोशी या वकिलाने व त्याच्या सहकाऱ्यांनी जी खटपट आरंभिली, तिची परिणती २ एप्रिल १८७० रोजी सार्वजनिक सभेच्या स्थापनेत झाली. देवस्थानाच्या हिशेबाबद्दल पंचांना जाब विचारण्यास निघालेली ही माणसे अल्पावधीतच राज्याच्या हिशेबाबद्दल सरकारला जाब विचारू लागली, आणि जोशी पुढे ‘सार्वजनिक काका’ याच नावाने सर्वतोमुखी झाले.

या सभेच्या नियमांपैकी एक नियम मला तिच्या पुढील सर्व अर्जविनंत्यांपेक्षा अधिक मोलाचा वाटतो. सभासद होऊ इच्छिणाऱ्याने किमान पन्नास प्रौढ व्यक्तींच्या सह्यांचा मुखत्यारनामा सादर केला पाहिजे, असे तिने ठरविले होते. मुखत्यारनामा ही वस्तुतः कोर्टकचेरीतील चीज. जमिनीचा वा वारशाचा दावा चालविण्यासाठी पक्षकार तो आपल्या विश्वासातील माणसाला लिहून देई. तोच दस्तऐवज सार्वजनिक कार्याला लावून पंचाण्णव सभासदांनी सुमारे सहा हजार लोकांच्या वतीने बोलण्याचा अधिकार लेखी मिळविला. १८६१ च्या कायद्यान्वये बनलेल्या मुंबईच्या कायदेकौन्सिलात त्या काळी एकही लोकनियुक्त सभासद नव्हता, हे ध्यानी घेतले म्हणजे ज्यांना मताचा अधिकार कोणीच दिलेला नव्हता त्यांनी तो परस्परांस देऊन टाकला, या घटनेची थोरवी कळते.

१८७१ साली महादेव गोविंद रानडे न्यायखात्याच्या नोकरीत पुण्यास आले आणि सभेच्या कार्याला अभ्यासाची बैठक लाभली. शेतसाऱ्याच्या फेरआकारणीने दख्खनची रयत कशी जेरीस आली आहे, याची चौकशी सभेने स्वतः करून अहवाल सिद्ध केला. १८७५ मध्ये सुप्याच्या बाजारात सावकारांविरुद्ध दंगा उसळला, त्यापूर्वीच हे घडले होते. १८७७ च्या दिल्ली दरबारास काका हातसुताच्या खादीच्या पोशाखात गेले आणि ब्रिटिश प्रजेला असलेला दर्जा हिंदी प्रजेलाही मिळावा, अशी मागणी करणारे मानपत्र सभेच्या वतीने सादर केले.

परंतु त्याच सुमारास दख्खनमध्ये पडलेल्या दुष्काळातच सभेचे खरे कर्तृत्व दिसले. हिंदुस्थान सरकारचे दुष्काळ-प्रतिनिधी सर रिचर्ड टेंपल यांच्या धोरणानुसार दुष्काळी कामावरील पुरुष मजुराची मजुरी दिवसाला एक पौंड धान्य व वर थोडे पैसे इतकी खाली आणली गेली. सभेने आपले प्रतिनिधी जिल्ह्याजिल्ह्यांत धाडून गावोगावची हकिकत मिळविली, तिचे वृत्तांत वेळोवेळी सरकारास पाठविले आणि दिवसभर खडी फोडणाऱ्या माणसाचे एवढ्या अन्नावर भागत नाही, हे आग्रहाने मांडले. अनेक मजुरांनी ती मजुरी नाकारून कामे सोडली, तेव्हा सभा त्यांच्या बाजूने उभी राहिली. सरकारी कचेरीतील आकड्यांसमोर प्रजेने स्वतः गोळा केलेले आकडे ठेवणे हा त्या काळी नवा प्रकार होता. आणि १८७८ पासून निघू लागलेल्या सभेच्या त्रैमासिकात, बहुतांशी रानड्यांच्याच अनामिक लेखणीतून, तो शिस्तीने चालू राहिला.

तथापि या सभेचे गुणगान करताना महात्मा फुले यांचा आक्षेप दृष्टिआड करणे अन्यायाचे होईल. सरदार, इनामदार, सावकार, वकील आणि पेन्शनर यांच्या या मंडळात शूद्रातिशूद्रांना स्थान कोठे आहे, हा त्यांचा प्रश्न होता, आणि त्याला सभेपाशी समाधानकारक उत्तर नव्हते. ज्या रयतेची कैफियत ती मांडीत होती, त्या रयतेच्या पंक्तीतला माणूस तिच्या बैठकीत क्वचितच दिसे. मुखत्यारनाम्याचा नियम जातिनिरपेक्ष होता खरा, पण पन्नास सह्या जमविण्याइतकी फुरसत आणि प्रतिष्ठा ज्याच्यापाशी होती, त्यालाच तो उपयोगी पडत असे. फुल्यांनी १८७३ मध्ये स्थापिलेला सत्यशोधक समाज ही या उणिवेची कृतिरूप टीकाच होती, असे माझे मत आहे. आणि लोकशाहीच्या पूर्वतयारीत या दोन्ही संस्थांना मी सारखाच मान देतो.

काका १८८० साली निवर्तले. १८९५ मध्ये सभा टिळकपक्षाच्या हाती गेली; रानडे आणि गोखले यांनी पुढील वर्षी डेक्कन सभा ही निराळी संस्था काढली. त्या भाऊबंदकीची कहाणी पुष्कळांनी सांगितली आहे. १८९६ च्या दुष्काळात जुन्याच सभेने जे केले, ते त्याहून अधिक स्मरणीय होय. दुष्काळविषयक सरकारी नियमावलीत पीक बुडाले असता सारा तहकूब करण्याची वा माफ करण्याची तरतूद होती. पण ती इंग्रजीत, कचेरीच्या दप्तरात. सभेने तिचा आशय मराठीत छापून खेडोपाडी पोचविला, आणि सवलत ही मेहेरबानी नसून तिची मागणी करता येते, हे शेतकऱ्यांना सभा भरवून समजावून सांगितले. सरकारचाच नियम सरकारच्या रयतेला वाचून दाखविणे, एवढेच हे कृत्य होते. लॉर्ड सँडहर्स्ट यांच्या सरकारने १८९७ च्या मार्चमध्ये सभेची मान्यता काढून घेतली आणि यापुढे तिच्या अर्जांची दखल घेतली जाणार नाही, असे कळविले.