भरपाईचा अर्ज कोणी लिहायचा?

कामगार नुकसानभरपाई कायदा आपल्याकडे १९२३ साली मंजूर झाला आणि १ जुलै १९२४ पासून अमलात आला. कामावर अपघात झाला, तर मालकाची चूक सिद्ध न करताही कामगाराला पैसे मिळावेत, हे त्याचं सूत्र. मृत्यू आला तर ३० महिन्यांचा पगार किंवा अडीच हजार रुपये, यांत जे कमी असेल ते. पण श्रोतेहो, कायदा इंग्रजीत आणि गिरणगावातले कितीतरी कामगार सहीऐवजी अंगठा उठवणारे. दावा मात्र कामगारानंच करायचा, तोही ठरलेल्या मुदतीत!

म्हणून हे काम युनियनच्या कचेरीकडे आलं. १९२६ साली ट्रेड युनियन कायदा झाला, त्याच वर्षी ना. म. जोशी यांच्या अध्यक्षतेखाली मुंबईत गिरणी कामगारांची बॉम्बे टेक्स्टाइल लेबर युनियन उभी राहिली. पुढे भरपाईच्या कायद्यातच अशी सोय झाली, की कामगारानं लेखी अधिकार दिला तर नोंदणीकृत युनियनचा पदाधिकारी त्याच्या वतीनं भरपाई आयुक्तांपुढे उभा राहू शकेल. वकीलच हवा असं नाही. त्या कायद्यातलं हे मला सर्वांत मोलाचं कलम वाटतं. मात्र असा उभा राहणारा माणूस तयार करावा लागतो.

१९५८ साली केंद्रीय कामगार शिक्षण मंडळ स्थापन झालं. मुख्यालय नागपूरला. मंडळाचे शिक्षणाधिकारी निवडक कामगारांना शिकवत आणि ते 'कामगार शिक्षक' आपापल्या कारखान्यात वर्ग घेत. मी अशाच वर्गात शिकलो, पुढे अनेक वर्षं युनियनच्या कार्यकर्त्यांना शिकवत राहिलो.

घोषणा सगळ्यांना येत. कागद येत नसत. अपघाताची नोंद त्याच पाळीत झाली का, यंत्र कोणतं, शेजारी कोण होतं, नोटिशीच्या प्रतीवर पोच घेतली का, इथून सुरुवात. मग पगार किती धरायचा. मूळ पगारावर थांबायचं नाही, महागाई भत्ताही धरायचा.

वर्ग खरा रंगायचा तो बोटांच्या कोष्टकावर. कायद्याच्या परिशिष्टात प्रत्येक पेराची टक्केवारी होती. तर्जनी पूर्ण गेली तर १४ टक्के, एक पेर गेलं तर ९, आणि हाड न जाता नुसतं टोक गेलं तर ५. आता हिशेब पाहा. २००१ ते २००९ या वर्षांत हिशेबाला महिन्याचा पगार जास्तीत जास्त ४००० रुपये धरला जाई. त्याचे ६० टक्के म्हणजे २४००. तीस वर्षांच्या कामगारासाठी वयाचा गुणक २०७.९८. गुणाकार ४ लाख ९९ हजार १५२. याचे ९ टक्के सुमारे ४५ हजार, ५ टक्के सुमारे २५ हजार. हाडाचा तुकडा गेला की नाही, एवढ्यावर २० हजारांचा फरक! पॉवर प्रेसवर बोट गेलेल्या माणसाचा एक्स-रे जपून ठेवा, हे मी घसा कोरडा पडेपर्यंत सांगत असे.

'त्यानं स्वतःच गार्ड काढला होता,' हे मालकाचं ठरलेलं उत्तर. त्यावर कार्यकर्त्यानं विचारायचं, मुद्दाम काढला याचा पुरावा काय? मृत्यू झाला असेल तर १९३३ च्या दुरुस्तीनंतर ही सबब चालतच नसे. मृत्यूच्या भरपाईबद्दल आणखी एक कलम होतं. थोडी आगाऊ रक्कम सोडली, तर मालकानं पैसे थेट घरच्यांच्या हातात द्यायचे नाहीत, आयुक्तांकडे भरायचे. एका कारखान्यात कामगाराच्या विधवेला चार नोटा देऊन कोऱ्या कागदावर अंगठा घेतला गेला होता. त्या बाईंना आमच्या कार्यकर्त्यानं एवढंच सांगितलं, 'वहिनी, त्या अंगठ्यानं तुमचा हक्क गेलेला नाही.' दावा आयुक्तांपुढे गेला आणि पुरी रक्कम भरावी लागली.

राज्य विम्याची योजना आल्यावर मात्र पहिला प्रश्न बदलला. कामगार ईएसआयमध्ये असेल तर भरपाई आयुक्तांचं दार बंद, तिकडचंच ठोठवायचं. हे ठाऊक नसल्यानं कित्येकांचे महिने वाया गेले.

तो १९२३ चा कायदा २०१० पासून 'कर्मचारी भरपाई' या नावानं चालला आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेनं घेतली. घरून कामावर जाता-येता झालेला अपघातही, वेळ-जागेचा कामाशी संबंध दाखवता आला, तर तिच्यात धरला जातो. तेव्हा हजेरीपुस्तकाबरोबर लोकलचा पास आणि पोलिसांचा पंचनामा गोळा करायलाही आता कार्यकर्त्यांना शिकवावं लागेल.