मायलेज का पिकप?

या विकांताचा विषय जरा निळ्या धुराचा आहे. अकोल्यात आमच्या जठारपेठेत अजूनही एखाद्या घराच्या जिन्याखाली चेतक उभी दिसते. आजोबांनी घेतलेली, बाबांनी चालवलेली आणि आता नातवाच्या डोळ्यात भरलेली. नातू नेटवरून एक्सपान्शन चेंबर (म्हणजे मध्ये फुगीर असलेला रेसिंगचा सायलेन्सर) आणि उघडा एअर फिल्टर मागवतो, गाडी गॅरेजवर नेतो आणि म्हणतो, "काका, बसवून टुनिंग करून द्या." त्यावर आपल्याकडच्या जुन्या मेकॅनिकचा एक ठरलेला प्रश्न असतो:

"भाऊ, मायलेज पाह्यजे का पिकप? दोन्ही नाही भेटत."

या एका प्रश्नात केवढा इतिहास भरलाय, ते शोधत बसलो आणि शनिवार कुठे गेला कळलंच नाही.

आधी आपल्याकडची गोष्ट. पुण्याजवळच्या आकुर्डीत बजाज ऑटो इटलीच्या पियाज्जोच्या परवान्यावर व्हेस्पा बनवायची. तो करार १९७१ मध्ये संपला आणि १९७२ मध्ये राणा प्रतापांच्या घोड्याचं नाव घेऊन चेतक आली. काळ लायसन्स राजचा. आज बुक केलेली स्कूटर हातात पडायला वर्षानुवर्षं लागायची. त्यातच १९७३ चा तेलाचा भडका उडाला. आता सांगा, एवढी वाट पाहून मिळालेल्या गाडीचं इंजिन कोण वेगासाठी खोलेल? म्हणून आपल्याकडे ट्युनिंग या शब्दाचा अर्थच बदलला. युरोप-जपानात ट्युनिंग म्हणजे जास्त ताकद. वऱ्हाडात टुनिंग म्हणजे लिटरमागे चार किलोमीटर जास्त! जेट बारीक कर, हवेचा स्क्रू फिरव, कार्बन साचलेला सायलेन्सर जाळावर भाजून काढ. दोन पिढ्यांच्या मेकॅनिकांचे हात पेट्रोल कमी करायलाच शिकले.

तिकडे युरोपात मात्र हेच छोटं इंजिन वेगळ्याच रस्त्याने गेलं.

टू-स्ट्रोकची मूळ कल्पना साधी आहे. इंग्लंडमधल्या जोसेफ डेने १८९१ मध्ये पेटंट घेतलेल्या इंजिनातूनच पुढे व्हॉल्व्ह नसलेलं इंजिन आलं. सिलिंडरच्या भिंतीला भोकं (पोर्ट), आणि वरखाली होताना पिस्टनच ती उघडतो नि झाकतो. गंमत म्हणजे जळालेला धूर बाहेर जायचं आणि ताजं मिश्रण आत यायचं दार जवळपास एकाच वेळी उघडं असतं. त्यामुळे थोडं ताजं पेट्रोल न जळताच सायलेन्सरमधून पसार होतं. टू-स्ट्रोकची सगळी बदनामी इथून सुरू होते.

ही गळती कशी थांबवायची? पूर्व जर्मनीतल्या एमझेड कंपनीच्या वॉल्टर काडेनने १९५० च्या दशकात ते दाखवलं. धुराबरोबर एक दाबाची लाट पाईपातून पळत जाते. पाईप आधी रुंद होत गेला, तर उलट येणारी लाट सिलिंडरमधला उरलासुरला धूर ओढून घेते. पुढे तो अरुंद झाला, तर तिथून परतणारी दुसरी लाट बाहेर निसटलेलं ताजं मिश्रण परत आत ढकलते. म्हणजे व्हॉल्व्हचं काम आवाजाची लाट करते! एक्सपान्शन चेंबर म्हणजे हाच फुगीर पाईप. त्याची मूळ कल्पना एकट्या काडेनची नव्हे, पण तो, पोर्ट आणि इनटेक यांचा मेळ बसवला तो त्याने. १९६१ मध्ये त्याचं १२५ सीसीचं इंजिन २५ हॉर्सपॉवर देत होतं. आपल्या चेतकचं १४५ सीसीचं इंजिन देतं साधारण साडेसात.

पुढचा भाग तर सिनेमात शोभेल. १९६१ च्या सप्टेंबरात, बर्लिनची भिंत उभी राहून जेमतेम महिना झाला होता. काडेनचा रेसर अर्न्स्ट डेगनर स्वीडनमधल्या शर्यतीच्या वेळी पश्चिमेला पळाला. तिथून तो गेला सुझुकीकडे आणि जाताना काडेनचं ज्ञान घेऊन गेला. १९६२ मध्ये सुझुकीवर बसून तो ५० सीसी गटात जगज्जेता झाला. जपानी टू-स्ट्रोक त्यानंतर मागे वळल्याच नाहीत. भारतात १९८४ मध्ये इंड-सुझुकी आली, १९८५ मध्ये यामाहाची आरएक्स १०० आली आणि पोरांना 'पिकप' हा शब्द खऱ्या अर्थाने कळला.

आता जठारपेठेतल्या त्या चेतककडे परत येऊ. तिच्यावर दोन परंपरा एकमेकींना भिडतात: काडेनचा पाईप आणि मायलेजवाला हात. धोका नेमका इथेच आहे.

चेंबर आणि उघडा फिल्टर बसवला की इंजिन जास्त हवा ओढतं. जेट तोच ठेवला तर त्या हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं, मिश्रण पातळ होतं. पातळ मिश्रणाने पिस्टन तापतो, फुगतो आणि सिलिंडरमध्ये जाम होतो. त्यावर मेकॅनिकने सवयीने जेट अजून बारीक केला तर विचारूच नका. चालत्या गाडीचं मागचं चाक लॉक होतं. तसं झालं तर ताबडतोब क्लच दाबायचा, एवढं तरी लक्षात ठेवा.

"मग ऑइल जास्त टाकू," असं बरेच जण म्हणतात. लिटरला २० मिली ऐवजी ४०! पण जेटमधून जाणाऱ्या थेंबात ऑइल वाढलं म्हणजे पेट्रोल तेवढं घटलं. मिश्रण आणखी पातळ.

आणि अकोल्याचा ऊन! मे महिन्यात दुपारी ४५ अंश, डिसेंबरात पहाटे १० च्या आसपास. इंजिनिअरिंगचा थोडा उपयोग करू. थंड हवा दाट असते. ४५ वरून १० अंशावर आलं की हवा सुमारे १२ टक्के दाट होते. पण कार्बोरेटरमधून येणारं पेट्रोल घनतेच्या वर्गमुळाच्या हिशेबाने वाढतं, म्हणजे फक्त ६ टक्के. उरलेल्या फरकाने मिश्रण पातळ होतं. थोडक्यात काय, तर मे महिन्यात मस्त लागलेलं टुनिंग डिसेंबरच्या सकाळी पिस्टन खाऊ शकतं. उन्हाळ्यातच इंजिन जाम होतं असा आपला समज असतो. इथे हिशेब उलटा आहे. म्हणून अंतिम जेट थंडीतच ठरवावा.

रीत जुनीच आहे. एका वेळी एकच पार्ट बदला (सॉफ्टवेअरवाल्यांना हे वेगळं सांगायला नको). जेट आधी मुद्दाम मोठा लावा, गाडी थोडी गुदमरली तरी चालेल, मग एकेक पायरी खाली या. मोकळ्या रस्त्यावर पूर्ण रेस द्या, क्लच दाबून तिथेच इंजिन बंद करा आणि प्लग काढून पहा. चॉकलेटी रंग म्हणजे बरोबर, काळा ओला म्हणजे पेट्रोल जास्त, पांढरा दिसला तर गाडी ढकलत घरी न्या.

टू-स्ट्रोकचे दिवस प्रदूषणाच्या नियमांनी संपवले आणि ते योग्यच झालं. २००९ मध्ये बजाजने स्कूटर बनवणंच बंद करत असल्याचं जाहीर केलं, २०२० मध्ये चेतक हे नाव परत आलं ते विजेच्या गाडीवर. तिला ना जेट, ना प्लग. जुन्या गाड्या जेवढ्या उरल्या तेवढ्याच, आणि प्लगचा रंग वाचणारे डोळेही तेवढेच.

म्हणून चेंबर बसवायचाच असेल तर काकांच्या प्रश्नाला आधी स्पष्ट उत्तर द्या. "पिकप" म्हणा, आणि मायलेज विसरा. नुसता पार्ट ताकद देत नाही. पाईप, हवा, पेट्रोल आणि ठिणगी यांचं एकमत झालं तरच ती मिळते. आणि मायलेजच हवं असेल, तर आजोबांच्या गाडीचा मूळचा सायलेन्सर काही वाईट नाही. असो.